भेटायचं कुठे? दादरला!

मुंबईत चार माणसांनी एकत्र जमायचं ठरवलं, की पहिला प्रश्न 'कशासाठी' हा कधीच नसतो. पहिला प्रश्न 'कुठे', दुसरा 'किती वाजता', आणि तिसरा 'मी यायचं कसं?'. गप्पा, खाणं, वादावादी हे सगळं त्यानंतर. गावाकडे असं नसतं. माझ्या माहेरी संध्याकाळी माणसं देवळासमोरच्या पारावर येतात, आणि येतात म्हणजे चालत येतात. तिथे कुणी कुणाला वेळ विचारत नाही. मुंबईत मात्र भेट म्हणजे आधी प्रवास, मग भेट.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठल्याही साध्या गोष्टीचं मूळ शोधत बसायची खोड लागली आहे. आमच्या बी.एड.च्या वर्गातल्या आम्ही सातजणी दर तीन महिन्यांनी भेटतो. एक बदलापूरची, मी डोंबिवलीची, एक ठाण्याची, एक मुलुंडची, एक गोरेगावची, एक वसईची आणि एक अजून गिरगावातच राहणारी. भेटायचं ठिकाण ठरलेलं, दादर. हे दादरच का, आणि माणसं अशी लांबलांबून येऊन एका जागी भेटायला लागली तरी केव्हापासून, असा विचार मनात आला आणि जुनी वह्या-पुस्तकं काढून बसले. त्यातून हे लिखाण झालं. जरा लांबलं आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात एका नावापासून करू. दादर पूर्वेला 'दादर टी.टी.' आहे. रिक्षा-टॅक्सीवाल्यापासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळे टीटी म्हणतात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, की टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस! मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे धावली. त्यानंतर रूळ गेले, डबे गेले, घंटीचा आवाज गेला. नाव मात्र जागचं हललं नाही. त्या चौकाचं अधिकृत नाव खोदादाद सर्कल आहे, पण त्या नावाने कुणी कुणाला भेटायला बोलावत नाही.

असंच काळा घोड्याचं. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा तिथून १९६५ मध्ये हलवला आणि तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये तिथे स्वाराविना एक नवा घोडा बसवला. मधली पन्नास वर्षं तिथे घोडाच नव्हता, पण लोक 'काळा घोड्याला भेटू' म्हणायचे आणि बरोबर भेटायचे! गोवालिया टँकला तळं नाही, धोबीतलावाला तलाव नाही, चर्चगेटला गेट नाही. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, तेव्हाच ते गेलं. आता दादरच्या कबूतरखान्याचंही तेच होणार. तिथे कबुतरांना दाणे घालणं २०२५ मध्ये बंद झालं, पण पत्ता सांगताना कबूतरखाना काही सुटत नाही. पुतळे, तळी, दरवाजे नाहीसे होतात, पण चार माणसांनी मिळून ठरवलेली खूण टिकते. ती जागा दाखवत नाही, 'आपण इथे भेटतो' हा करार दाखवते. असो.

मुंबई मुळात चालत फिरायचं गाव होतं. किल्ल्यात पेढ्या आणि कचेऱ्या, किल्ल्याबाहेर काळबादेवी, गिरगाव, मांडवी अशी वस्ती. ज्याच्याकडे पालखी किंवा घोडागाडी तो त्यातून जाई, बाकीचे पायी. म्हणजे ज्याला तुम्ही भेटणार तो चालत येण्याच्या अंतरावरचाच असणार. नात्यातला, जातीतला, वाडीतला. लांबच्या अनोळखी माणसाशी ओळख करून घ्यायची, त्याच्याबरोबर मंडळ काढायचं, ही गोष्ट तेव्हा फार थोड्यांच्या आवाक्यात होती.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुटली. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, सुमारे चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. हे सगळं आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. ही रेल्वे मुंबईत यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते, हेही मुलांना मी दरवर्षी सांगत असे. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, गाडी कल्याणला पोहोचली. पश्चिमेकडच्या बाजूला १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅक बे अशी गाडी सुरू झाली. दिवसातून एक जायला, एक यायला! आज विरार गाडीत दाराला लोंबकळणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल की रडेल, कोण जाणे.

पण शहरातल्या शहरात माणसं हलवली ती ट्रामने. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि तिकीट नाहीच. रोजंदारीवरच्या माणसाला तीन आणे कुठले परवडायला? ते पुढे कमी झालं, आणि ट्राम खऱ्या अर्थाने लोकांची झाली. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. माझे सासरे फोर्टात नोकरीला होते. ते सांगायचे, एका आण्यात ट्राममध्ये बसून कुठल्या कुठे जाता यायचं. नाटकाची तालीम, व्यायामशाळा, वाचनालयाची सभा, सगळं त्या एका आण्याच्या जोरावर. खिशात दोन आणे असले, की माणूस जाऊन परत येऊ शकत असे. माझ्या मते मुंबईतल्या अर्ध्या मंडळांचा आणि संस्थांचा पाया या दोन आण्यांवर उभा आहे.

आता 'किती वाजता'. ही गंमत मी वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकायची. एकेकाळी मुंबईत दोन वेळा होत्या. शहराची घड्याळं मुंबईच्या स्थानिक वेळेवर चालत, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रास वेळेवर चाले, म्हणजे ५ तास २१ मिनिटं पुढे. स्टेशनातलं घड्याळ रस्त्यावरच्या घड्याळापेक्षा अर्ध्या तासाने पुढे! सरकारने १८८१ मध्ये शहरालाही मद्रास वेळ लावून पाहिली, पण लोकांनी एवढी ओरड केली की ती मागे घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. मुंबई महापालिकेने तीही नाकारली. सरकारी घड्याळ आणि मुंबईचं घड्याळ यांच्यात एकोणचाळीस मिनिटांचा फरक पडला, आणि हा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला.

म्हणजे सभेला 'सायंकाळी सहा वाजता' बोलावलं, तर कुठल्या सहाला? प्रमाणवेळेच्या सहाला मुंबईच्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटं झालेली असत. मुंबईच्या सहाला निघून येणारा पाऊण तास उशिरा पोहोचणार. म्हणून त्या काळच्या निमंत्रणांवर वेळेपुढे 'स्टँडर्ड टाइम' की 'मुंबई टाइम' याचा खुलासा करावा लागे. मला यात मोठा अर्थ दिसतो. परक्याने लादलेली वेळ नको, हा स्वाभिमान ठीकच. पण गाडी कुणाच्या स्वाभिमानासाठी थांबत नाही. ज्याला गाडी पकडायची आहे तो शेवटी गाडीचंच घड्याळ मनगटावर बांधतो. मुंबईचा माणूस 'सातला येतो' न म्हणता 'सहा बावन्नच्या गाडीने येतो' म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे.

भेटींमधल्या दोन मोठ्या भेटींचा उल्लेख केल्याशिवाय इतिहासाची बाई पुढे जाणार नाही! २८ डिसेंबर १८८५ ला राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. खरं तर ते पुण्यात व्हायचं होतं. तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि ऐनवेळी जागा बदलून मुंबई ठरली. तरी बहात्तर प्रतिनिधी जमले, कलकत्त्यापासून मद्रासपर्यंतचे. विचार करा, मुंबई-कलकत्ता सलग लोहमार्ग १८७० मध्ये पुरा झाला होता आणि मद्रासचा त्याच्या पुढच्या वर्षी. हे लोहमार्ग होण्यापूर्वी अशी सभा बोलावली असती, तर प्रतिनिधींना यायलाच कितीतरी जास्त दिवस लागले असते. इंग्रजांनी रेल्वे बांधली ती कापूस बंदरात आणायला आणि फौज आत न्यायला. तिच्यात बसून माणसंही एकमेकांना भेटायला येतील, हे त्यांच्या जमाखर्चात नसावं.

सत्तावन्न वर्षांनी, ८ ऑगस्ट १९४२ ला, त्याच परिसरातल्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ती जागा ग्रँट रोड स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर, आणि ट्राम तर थेट गोवालिया टँकपर्यंत येत असे. एवढी गर्दी तिथे जमली त्यात नेत्यांच्या शब्दांचं बळ होतंच. पण गिरणगावातल्या, गिरगावातल्या साध्या माणसाला तिथवर आणून सोडणारं वाहन होतं, हेही विसरून चालणार नाही.

तर मग दादर केव्हा आलं? १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या चाळींमध्ये माणसं पटापट गेली. त्या धसक्याने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या, हवेशीर वसाहती आखायचं ठरलं. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातलीच. १९२५ मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुलं झालं. १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने, त्याचं शिवाजी पार्क झालं. त्याच १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी हार्बर मार्गावर धावली. १९२८ मध्ये पश्चिमेला बोरीवलीपर्यंत वीज आली. वाफेच्या इंजिनापेक्षा विजेची गाडी चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. त्यामुळे जवळजवळची स्टेशनं घेत लागोपाठ गाड्या सोडता येऊ लागल्या. लोक उपनगरात राहायला गेले ते त्यानंतर.

आणि नकाशा काढून बघा. मध्य आणि पश्चिम हे दोन मुख्य मार्ग शहराच्या दोन अंगांनी येतात आणि दादरला खांद्याला खांदा लावून उभे राहतात. कल्याणकडचा आणि बोरीवलीकडचा माणूस गाडी न बदलता जिथे भेटू शकतो ते सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे दादर. गिरगावातला मराठी माणूस जसजसा डोंबिवली, ठाणे, बोरीवलीकडे सरकला, तसतसं त्याचं भेटायचं ठिकाण दादरकडे सरकलं. नाटक दादरला, लग्नाचा बस्ता दादरला, सभा शिवाजी पार्कावर. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत अत्र्यांचं भाषण ऐकायला जाणारी माणसं तिथे अशीच गाड्या भरभरून उतरायची. मुंबईच्या मराठी माणसाचा पार शोधायचा असेल तर तो दादर स्टेशनच्या पुलावर आहे!

दादरला एक अडचण मात्र वर्षानुवर्षं होती. 'एक नंबरवर भेटू' म्हटलं की कुठला एक नंबर? पश्चिमेचाही एक नंबर, मध्यचाही एक नंबर. एक माणूस इकडे उभा, दुसरा तिकडे उभा, आणि दोघेही वेळेवर आलेले! हा घोळ डिसेंबर २०२३ मध्ये मिटला. आता पश्चिमेचे एक ते सात आणि मध्यचे आठ ते चौदा असे सलग क्रमांक आहेत. एवढ्या साध्या गोष्टीला शंभरावर वर्षं लागली, कारण दोन्ही रेल्वे मुळात दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या. प्रवाशाला एक दादर दिसायचं, कागदावर मात्र दोन होती.

बायकांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली. नोकरी करणाऱ्या बाईला भेटीसाठी वेगळा वेळ कुठला? तिने गाडीलाच भेटीची जागा केली. लेडीज डब्यात भाज्या निवडल्या गेल्या, हळदीकुंकू झाली, डोहाळजेवणं झाली, कुणाच्या सासूचं दुखणं, कुणाच्या मुलीचं स्थळ, सगळं बोललं गेलं. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं, दसऱ्याला डब्याला तोरण. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरीवली अशी संपूर्ण गाडीच बायकांसाठी सोडली. मी स्वतः अनेक वर्षं एकाच गाडीच्या एकाच डब्यातून प्रवास केला. त्यातल्या काही जणींची घरं मी कधी पाहिली नाहीत, पण त्यांच्या आयुष्यातलं मला सगळं ठाऊक होतं. गटाने भेटायला गाडीने जाणं हे खरंच, पण मुंबईत गाडी हाच गट असतो.

या सगळ्याची किंमत कळली ती २०२० मध्ये. २२ मार्चच्या रात्रीनंतर लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या, आणि सर्वांना ठराविक वेळांत मुभा मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला. पुन्हा साथ वाढली, पुन्हा बंद. लसीचे दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून परवानगी मिळाली. त्या दीड वर्षात आमची मुलुंडची मैत्रीण गेली. डोंबिवली ते मुलुंड अंतर ते काय! आमच्यापैकी एकही तिथे पोहोचू शकली नाही. फोनवर बोललो, पडद्यावर चेहरे पाहिले, पण तिच्या लेकीचा हात हातात घ्यायला कुणी जाऊ शकलं नाही. गाडी सुरू असते तेव्हा ती दिसत नाही. बंद पडली की कळतं, आपली नाती किती रुळांवरून चालत होती.

आता आम्ही सहाजणी आहोत, आणि प्रश्न निराळा आहे. गाड्या आहेत, पण जिने आहेत. वसईच्या मैत्रिणीचे दोन्ही गुडघे गेलेले. पुलावरच्या गर्दीची तिला भीती वाटते, आणि ती उगीच नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली होती. त्या स्टेशनचं नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झालं. बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये पाच रुपयांवर आलं होतं, ते मे २०२५ मध्ये दहा झालं. जुन्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. (माझ्यासारख्याच. पण त्यांना लोकांनी हार घातले!)

दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. गिरगावच्या मैत्रिणीला घराजवळ स्टेशन मिळालं. सरकता जिना आहे, लिफ्ट आहे. त्याच मार्गावर काळबादेवी स्टेशनही आहे. १८७४ मध्ये घोड्याची ट्राम जिथून गेली, तिथे एकशे एक्कावन्न वर्षांनी जमिनीखालून गाडी आली. मला याचं फार कौतुक वाटतं. पण वसई त्या मार्गावर नाही, बदलापूरही नाही. लांब राहणारा लांबच राहतो.

म्हणून इतिहास वाचून मी आमच्या गटापुढे एक नियम ठेवला आणि तो मान्यही झाला. ठिकाण ठरवताना मधोमध काय पडतं हे बघायचं नाही, सगळ्यात कठीण प्रवास कुणाचा आहे ते बघायचं. तीन आण्यांची ट्राम स्वस्त झाली तेव्हा मजूर सभेला आला, लेडीज डबा होता म्हणून शिक्षिका नोकरीला निघाली. कोण येऊ शकतं यावरून गट ठरतो, हीच शिकवण दोनशे पानांतून मिळत असेल तर ती सहा म्हाताऱ्यांनाही लागू आहे. तेव्हा पुढची भेट दादरला नाही. आम्ही पाचजणी वसईला जाणार आहोत, दुपारच्या रिकाम्या गाडीने, स्टेशनातून रिक्षाने थेट तिच्या दारात. तिने पुरणपोळी करायची नाही असं बजावलं आहे. ती ऐकणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या मंडळींची भेटायची खूण कोणती? इंडिकेटरखाली, की पुलाच्या तिसऱ्या खांबाजवळ? आणि तिथे यायला कुणाला सगळ्यात जास्त त्रास होतो, हे कधी विचारलंत का? एकदा विचारून बघा.